घरी बांधलेला पोर्टेबल निन्टेंडो ६४ : आठ महिने वापरल्यानंतर

परवा बॅगेत हात घातला आणि दचकून मागे घेतला. कन्सोल आतल्या आत चालू होऊन पाऊण तास तापत पडला होता. सरकवायचा पॉवर स्विच मी वरच्या कडेला, चांगला बाहेर डोकावणारा बसवला होता. बांधताना तो तिथं फार झोकात दिसायचा. बॅगेतल्या वहीच्या कोपऱ्यानं तो सरकला, एवढंच. नुकसान काही झालं नाही, पण त्याच रात्री स्विचभोवती प्लास्टिकची दोन मिलिमीटर उंच कड चिकटवली. आता तो नखानंच सरकतो.

असले घरगुती पोर्टेबल पूर्ण झाले की त्यांचे फोटो निघतात, कौतुक होतं आणि विषय तिथंच संपतो. पुढं ते कुणी खेळतं का, किती दिवस टिकतात, यावर कुणी बोलत नाही. म्हणून ही आठ महिन्यांची हकिकत.

आधी वस्तूची ओळख. निन्टेंडो ६४ हा १९९६ मधला, टीव्हीला जोडायचा, कार्ट्रिजवर (खेळ साठवलेल्या प्लास्टिकच्या डबीवर) चालणारा कन्सोल. माझ्याकडच्या डब्यात त्याचाच मूळ बोर्ड आहे, एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) नाही. सोबत ५ इंची स्क्रीन, मूळ कंट्रोलरचा कापून लहान केलेला बोर्ड, दोन स्पीकर, एक चिमुकला पंखा आणि १८६५० मापाचे चार लिथियम सेल. थ्रीडी प्रिंट केलेला डबा. वजन ७८० ग्रॅम. निन्टेंडो स्विच जॉय-कॉन (त्याचे बाजूचे सुटे कंट्रोलर) धरून साधारण ४०० ग्रॅम भरतो, म्हणजे माझा जवळजवळ दुप्पट. मोठ्या कन्सोलची हातातली आवृत्ती काढायचा उद्योग कंपन्यांनीही करून पाहिलेला आहे: १९९० मध्ये टर्बोएक्स्प्रेस आला, १९९५ मध्ये सेगा नोमॅड. नोमॅडला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि दोन-तीन तासांत ते माना टाकायचे. बॅटरीचं दुखणं तेव्हापासूनचं आहे.

एम्युलेटर का नाही, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. खरं सांगायचं तर नुसतं खेळायचं असेल तर एम्युलेटरवालं छोटं यंत्रच घ्या. हलकं असतं, बॅटरी जास्त चालते, हवं तिथं सेव्ह करता येतं. माझ्याकडे कवच फुटलेला, पण चालू असलेला एक कन्सोल होता आणि हात शिवशिवत होते, एवढंच माझं कारण. धडधाकट कन्सोलला मात्र करवत लावू नका. त्यांचं उत्पादन २००२ मध्येच थांबलं, आहेत तेवढेच आहेत.

बांधणीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं वेगळेपण काही नाही. बोर्ड फारसा कापला नाही. कार्ट्रिजचा स्लॉट मात्र उपटून डब्याच्या मागच्या बाजूला नेला. स्लॉटला ५० पिना असतात. त्यातल्या बऱ्याच ग्राउंड आणि वीजपुरवठ्याच्या असल्यामुळे प्रत्यक्षात तेवढ्या वायरी ओढाव्या लागत नाहीत, तरी दोन संध्याकाळी त्यात गेल्या. जुन्या हार्डडिस्कची चपटी केबल वापरली, १२ सेंटिमीटर लांब. चालू केलं, चित्र आलं, नाचलो. दुसऱ्या दिवशी खेळ मधेच गोठायला लागला. कधी दहा मिनिटांनी, कधी तासाभरानं. आधी कार्ट्रिजचे संपर्क पुसले, मग पुन्हा पुसले. शेवटी केबल निम्मी केली, ग्राउंडच्या वायरी जाड घातल्या आणि तो आजार गेला. या स्लॉटच्या १६ लाइनींवरून पत्ता आणि माहिती दोन्ही आळीपाळीनं धावतात, त्यामुळे लांब वायरींचे लाड इथं चालत नाहीत. आधीच मोजून कापली असती तर आठवडा वाचला असता.

आणखी एक गंमत, म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली नव्हती. पहिल्यांदा बोर्ड उघडा ठेवून चालू केला तर काळी स्क्रीन. तासभर सोल्डरचे सगळे टाके भिंगाखाली तपासले. पुढच्या खाचेतला जम्पर पॅक (जादा मेमरी नसेल तेव्हा ती खाच भरणारा तुकडा) मी टेबलावर काढून ठेवला होता. मेमरीच्या त्या खाचेत जम्पर पॅक किंवा एक्स्पान्शन पॅक, काहीतरी असल्याशिवाय हा कन्सोल सुरूच होत नाही. आता आत कायमचा एक्स्पान्शन पॅक बसवला आहे. मेमरी ४ ची ८ एमबी होते, आणि डाँकी काँग ६४ सारखे त्याच्याशिवाय न चालणारे खेळही चालतात.

आता वीज. हा भाग सविस्तर सांगतो, कारण आठ महिन्यांत सगळ्यात जास्त छळ इथंच झाला. मूळ अडॅप्टर दोन व्होल्टेज देतो: ३.३ व्होल्टला २.७ अँपियरपर्यंत आणि १२ व्होल्टला ०.८ अँपियरपर्यंत. खरा भार ३.३ वर असतो. १२ च्या लाइनीवर मी बॅटरीचे ७.४ थेट देतो, माझ्या बोर्डाला ते चालतं. ३.३ साठी बॅटरीचं व्होल्टेज उतरवणारा एक कन्व्हर्टर आहे. सुरुवातीला खेळ शांत असताना सगळं ठीक असायचं आणि पडद्यावर धुमश्चक्री सुरू झाली की कन्सोल रीसेट. मल्टिमीटर कन्व्हर्टरवर लावला तर ३.३ बरोबर. त्यामुळे आठवडाभर संशय भलत्याच भागांवर गेला. एकदा सहज बोर्डाच्या टोकाला प्रोब टेकवले, तर तिथं ३.१२. मधल्या २५ सेंटिमीटरच्या केसासारख्या दोन वायरी ०.१८ व्होल्ट गिळत होत्या. १.६ अँपियर त्यांच्यातून जात होता, गिळणारच. जाड वायर घातली, लांबी १० सेंटिमीटरवर आणली, त्यानंतर एकदाही रीसेट नाही. व्होल्टेज जिथं लागतं तिथं मोजायचं, कन्व्हर्टरच्या तोंडाशी नाही, हे मला आठवीत शिकवलेलं असणार.

पहिल्या आवृत्तीत दोनच सेल होते. ३००० एमएएचचे दोन म्हणजे २२ वॅट-तास, आणि पंखा, स्क्रीन धरून यंत्र खातं ९ वॅट. मोजून सव्वादोन तास चालायचं. दुसऱ्या महिन्यात डबा नव्यानं प्रिंट करून चार सेल बसवले. आता सव्वाचार ते साडेचार तास मिळतात. जाडी ८ मिलिमीटरनं वाढली, वजन ९० ग्रॅमनं. हा सौदा मला पटला, मनगटांना अजून पटलेला नाही. आडवं पडून छातीवर टेकवून खेळतो तेव्हा उत्तम. बसून हवेत धरलं तर वीस मिनिटांत हात उतरतात.

लिथियमच्या बाबतीत काटकसर करू नका. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये, फार खाली उतरू नये आणि शॉर्ट झालं तर पुरवठा तुटावा, यासाठी संरक्षण बोर्ड हवाच. तो माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. चुकलो ते चार्जिंगमध्ये. साधा चार्जर बोर्ड बॅटरीत जाणारा प्रवाह पुरेसा कमी झाला की चार्जिंग पूर्ण झालं असं समजतो. चार्ज करता करता खेळलं तर कन्सोलच प्रवाह ओढत राहतो, आणि चार्जरला वाटतं बॅटरी अजून भुकेली आहे. दिवा हिरवा होईच ना. तीन रात्री मी बावळटासारखा त्या दिव्याकडे बघत होतो. आता स्विच असा जोडला आहे की चार्जरची पिन घातली की खेळ बंद. गैरसोय आहे, पण रात्री झोप लागते. बॅटरी किती उरली हे दाखवायला मी काहीच ठेवलं नव्हतं, हे मात्र अक्षम्य. बॉसच्या तोंडाशी दोनदा अंधार झाल्यावर तीन दिव्यांची पट्टी घातली. शेवटचा दिवा लुकलुकायला लागला की साधारण वीस मिनिटं हातात असतात.

स्क्रीन गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची आहे. अशा स्क्रीनला १२ व्होल्ट लागतात, पण आत ते उतरवून ५ केलेले असतात; तो भाग ओलांडून थेट ५ दिले. चित्राबद्दल फार आशा ठेवू नका. तिला फक्त कंपोझिट (सगळं चित्र एकाच वायरीतून पाठवणारा) सिग्नल कळतो, त्यामुळे रंगांच्या कडा एकमेकांत सांडतात आणि बारीक अक्षरं वाचताना डोळे बारीक करावे लागतात. शिवाय ती रुंद आहे आणि खेळ ४:३. पहिले दोन महिने माझा मारिओ अंगानं सुटलेला होता. मग मेनूत ४:३ चा पर्याय सापडला. आता दोन्ही बाजूंना बोटाएवढ्या काळ्या पट्ट्या दिसतात आणि मारिओ पुन्हा मापात आहे. उन्हात काहीही दिसत नाही. पुन्हा बांधला तर एवढी एक गोष्ट नक्की बदलेन.

काठीचा, म्हणजे अंगठ्यानं हलवायच्या दांडीचा, एक स्वभाव सगळ्यांनी लक्षात ठेवा. मूळ कंट्रोलरची काठी चालू होण्याच्या क्षणी जिथं असते, तीच तिची मधली जागा असं यंत्र धरून चालतं. मी काठी बदलली, नव्या पद्धतीची छोटी काठी जोडणाऱ्या बोर्डासकट बसवली, तरी हा नियम तोच राहिला, कारण मागचा बोर्ड जुनाच. आणि माझा पॉवर स्विच काठीच्या बरोबर वर. स्विच सरकवताना डावा अंगठा हमखास काठीवर टेकायचा, आणि मारिओ न सांगता कड्याकडे चालायला लागायचा. पहिल्यांदा वाटलं, नवीन काठी खराब निघाली. विकणाऱ्याला तसा मेसेजही टाकला, त्याची नंतर माफी मागितली. एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबलं की मधली जागा पुन्हा ठरते. तरी अंगठा बाजूला ठेवायची सवय लागायला महिना गेला.

उष्णतेचं मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. मूळ कन्सोलमध्ये चिपांवर धातूची जाड पट्टी असते. ती इथं मावत नव्हती, म्हणून छोटे हीटसिंक आणि ३० मिलिमीटरचा पंखा. पाठ कोमट होते, चटका बसत नाही. पंख्याचा आवाज मात्र शांत खोलीत चांगला जाणवतो. भाच्यानं पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा खेळाबद्दल एक अक्षर न काढता विचारलं, "मामा, यात डास अडकलाय का?" एक रेझिस्टर घालून वेग थोडा कमी केला. डास आता जरा लांब गेला आहे.

कंट्रोलर पॅकला (कंट्रोलरमध्ये खोचायच्या मेमरी कार्डाला) मी जागा ठेवली नाही. सुपर मारिओ ६४ सारखे खेळ कार्ट्रिजमध्येच सेव्ह होतात, त्यांना फरक पडत नाही. पण जे खेळ फक्त त्या पॅकवरच सेव्ह होतात ते माझ्यासाठी बाद झाले. काही कार्ट्रिजांत सेव्ह टिकवायला बटणसेल सोल्डर केलेला असतो. माझ्या एका कार्ट्रिजचा सेल मेला होता, तो बदलला आणि सॉकेटही बसवून टाकलं.

डब्याची तब्येत. आठ महिन्यांत मी तो चौदा वेळा उघडला. प्लास्टिकमध्ये थेट पिळलेल्या स्क्रूंचे आटे सहाव्या खेपेलाच गेले आणि एक कोपरा उघडा पडायला लागला. मग सोल्डरिंग गनच्या टोकानं तापवून पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) बसवले. हे पहिल्याच दिवशी करा, कारण तुम्हीही चौदा वेळा उघडणार आहात. प्रिंटच्या रेषा पॉलिशपेपरनं घासून काढल्या, त्यावर प्राइमर आणि रंग दिला. तळहाताखालचा रंग उडून खालचं करडं दिसायला लागलं आहे. तसाच ठेवला आहे, पकड उलट बरी मिळते.

वापर किती होतो? पहिला महिना रोज. मग तीन आठवडे कपाटात, कारण सव्वादोन तासांच्या बॅटरीचा कंटाळा आला होता. चार सेल बसवल्यापासून आठवड्यातून तीन-चार वेळा, बहुतेक झोपण्याआधी. प्रवासात न्यायचा म्हणून बांधला आणि प्रवासात तीनदाच नेला. वजन, पंखा आणि ऊन, तिन्ही आडवे आले. पाचपैकी गुण द्यायचेच तर बॅटरीला चार, बटणांना साडेतीन, स्क्रीनला दोन.

सध्या एकच दुखणं उरलंय. एलचं बटण मधोमध दाबलं तर लागत नाही, डाव्या कडेला दाबलं की लागतं. खालची रबरी टोपी सरकली असणार. म्हणजे पंधराव्यांदा उघडणं आलं. भाचा तोवर कडेलाच दाबून खेळतोय, त्याला तिथं काही बिघडलंय हेच माहीत नाही.