रायण्णा: कागदातला घ्यावा की गीगी पदातला?

गावच्या स्मरणिकेसाठी संगोळी रायण्णावर, म्हणजे कित्तूरसाठी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बंडखोरावर, लेख लिहायचा असेल, तर आधी एक ठरवा. विसंबायचं कुणावर, सरकारी कागदावर की गीगी पदावर, म्हणजे कन्नड लोकगाण्यावर? माणूस तोच, पण एकातला दुसऱ्यात ओळखू येणार नाही.

कागदात तो लुटारू. १८२९-३० मध्ये कचेऱ्या जाळल्या, संपगावावर चालून गेला, एप्रिल १८३० मध्ये सापडला, २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी. तारखा हव्यात तर इथंच या. पण त्या कचेऱ्यांत जळालं काय? शेतसाऱ्याची दप्तरं! आणि जाळणारा कोण, तर शेतसनदी. म्हणजे गावची राखण करायची आणि त्याबदल्यात सनदी जमीन कसून खायची. कित्तूरचं संस्थान इंग्रजांपुढे पडलं, त्याची जमीन गेली, उरल्या तुकड्यावर सारा चढला. राखणदाराचा दरोडेखोर झाला तो असा.

गीगी पदात तोच कित्तूरच्या राणी चन्नम्माचा वाघ, दत्तक शिवलिंगप्पाला कित्तूरच्या गादीवर बसवायला निघालेला. रग आहे गाण्यात, यात वाद नाही. मात्र त्याला पकडून दिलं ते इथल्याच माणसांनी. गाणं त्याला फितुरी म्हणून मोकळं होतं. ज्याचं घर लुटलं गेलं त्याला कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे ही कन्नड गाणी पुढे टिपून छापली ती फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं.

आपल्या मराठी घरांसाठी आणखी एक गोम. त्या काळी बेळगाव-धारवाडकडचा कारभार मराठीत चाले. त्यामुळे कारकुनाची बाजू आपल्याला नकळत जवळची वाटते. सांभाळून.

हलगली गावच्या बेरड जमातीचं तसंच. १८५७ ला इंग्रजांना हत्यारं द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात फासावर गेले. पुढं १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तर जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का पुसायला १९५२ उजाडलं. तेव्हा 'दरोडेखोर' लिहिताना शब्द कुणाच्या दौतीतला आहे ते बघा.

माझं मत विचाराल तर सनावळीला कागद, कारणाला गाणं. आणि जागा एकाच पानाची असेल तर जळालेल्या दप्तरापासून सुरुवात करा. त्याआधी नंदगडला जाऊन या. सरकारनं फासावर दिलेल्या माणसाच्या समाधीपाशी मूल व्हावं म्हणून लोक नवसाचे पाळणे बांधतात.