प्रोसेसर तापतो म्हणून संगणक दुरुस्तीला दिला. ८,००० रुपये गेले आणि प्रोसेसरही गेला

मी गेली एकवीस वर्षे लोकांचे हिशेब लिहितो. बिल नसेल तर एक रुपयाही खर्चात धरू नका, असे मी प्रत्येक क्लायंटला बजावत आलो आहे. तरीही मे महिन्यात मी स्वतः एका दुरुस्तीवाल्याला बिल न घेता ८,००० रुपये दिले आणि घरच्या संगणकातला धडधाकट प्रोसेसरही त्याच्या हाती गमावून बसलो. असे दुरुस्तीवाले कसे लुटतात हे सर्वांना ठाऊक असते, मलाही होते. म्हणूनच झालेल्या गोष्टीची जास्त चीड येते.

हा संगणक मी २०१९ मध्ये सुटे भाग निवडून जुळवून घेतला होता. त्यात सहा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या सहा भागांचा, इंटेल कोअर आय-५ ९४०० हा प्रोसेसर होता. त्याचे मूळ खोके आणि दुकानाचे बिल मी जपून ठेवले होते, आणि आत कोणता प्रोसेसर होता याचा पुरावा म्हणून आज माझ्या हातात तेवढेच आहे. एप्रिलच्या शेवटी पंखा सतत घोंघावू लागला, टॅली उघडली की संगणक रखडू लागला आणि दिवसातून दोन-तीन वेळा आपोआप बंद पडू लागला. कोअर टेम्प हा मोफत प्रोग्राम टाकून पाहिले, तर तापमान ९७ अंशांवरून १०० पर्यंत जात होते. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता आटोक्यात आली नाही तर संगणक बंद होतो. म्हणजे त्याची स्वतःला वाचवण्याची व्यवस्था नीट चालली होती, तो जळत नव्हता. हे मला तेव्हा कळले असते तर पुढचे काहीच घडले नसते. परंतु विदर्भातला मे महिना, खोलीतच ३८ अंश आणि २० तारखेच्या आत भरायची डझनभर जीएसटी विवरणपत्रे, अशा अवस्थेत मी घरपोच दुरुस्तीची जाहिरात शोधली आणि पहिल्याच क्रमांकावर फोन लावला.

आलेल्या तरुणाने कॅबिनेट उघडले, प्रोसेसरला थंड ठेवणाऱ्या पंख्याला, म्हणजे कुलरला, बोट लावले आणि दोन मिनिटांत निदान केले. "काकाजी, प्रोसेसर जळत आला आहे. रीबॉलिंग करावं लागेल, नाहीतर मदरबोर्डही घेऊन जाईल." भेटीचे ३५०, रीबॉलिंगचे, म्हणजे चिपखालच्या सोल्डरच्या गोळ्या बदलण्याचे ३,२००, नव्या कूलिंग किटचे १,४५० आणि प्रोसेसर आणि कुलर यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टचे ६००, असे एकूण ५,६०० रुपये त्याने एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहून दिले. त्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांक किंवा तारीख यांपैकी काहीही नव्हते. पैसे यूपीआयने गेले आणि समोर उमटलेले नाव जाहिरातीतल्या नावाशी जुळत नव्हते. मी ते वाचले आणि तरीही पिन टाकला.

घरच्या साध्या डेस्कटॉपमधला असा प्रोसेसर मदरबोर्डला डाखलेला नसतोच. तो सॉकेटमध्ये ठेवलेला असतो, बाजूची छोटी दांडी वर केली की हातात येतो आणि त्याच्या खाली सोल्डरच्या गोळ्या नसून सपाट सोनेरी ठिपके असतात. ज्याला गोळ्याच नाहीत त्याचे रीबॉलिंग कसे होणार? लॅपटॉपमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डवर असे काम होते, म्हणून तो शब्द माझ्या कानावरून गेलेला होता आणि त्यामुळेच तो मला खरा वाटला. डेस्कटॉपच्या प्रोसेसरसाठी कोणी हा शब्द उच्चारला, तर त्याला तिथल्या तिथे दाराबाहेर काढा.

परंतु मी स्वतःला खरा दोष देतो तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घडलेल्या गोष्टीसाठी. त्याने कॅबिनेट परत आणले, माझ्या टेबलावर ठेवले, वायरी जोडल्या आणि बटण दाबले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी संदेश आला की नवा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, बसवण्यात आला आहे, सेटअपमध्ये जाण्यासाठी एफ-१ दाबा. मी त्याच्या खांद्यामागे उभा होतो. मी ती ओळ पूर्ण वाचली. मी विचारलेसुद्धा, "नवा कसा? तुम्ही तर जुनाच दुरुस्त केला ना?" त्याने मागे न पाहता एफ-१ दाबले आणि म्हणाला, "बोर्डाची बॅटरी काढली की असं येतं, काकाजी." बॅटरी काढल्यावर काही बोर्डांवर तसा संदेश येऊ शकतो, हे मी नंतर पडताळून पाहिले. म्हणजे त्याचे उत्तर अगदीच अशक्य नव्हते, आणि मी अडाणीपणाने फसलो असे मी मानणार नाही. तरीही त्या क्षणी विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचे नाव वाचायला मला दहा सेकंद पुरली असती, आणि तो माणूस माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसलेला होता. त्या दहा सेकंदांनी आजही माझी झोप उडते.

त्याने मला ४६ अंश तापमान दाखवले आणि मी समाधान मानले. काहीही काम चालू नसताना दाखवलेल्या तापमानाला काडीची किंमत नाही. अर्धा तास जड काम चालवून मगच आकडा पाहायचा आणि तोवर दुरुस्तीवाल्याला चहा पाजून बसवून ठेवायचा. आठ दिवसांत तापमान पुन्हा ९५ वर गेले. या वेळी तो म्हणाला की एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, व्होल्टेज जास्त येते. त्याने २,४०० रुपये घेऊन तो बदलला, आणि उष्णता होती तिथेच राहिली. १९ तारखेच्या रात्री मी पत्नीच्या लॅपटॉपवर विवरणपत्रे भरत बसलो होतो. तेव्हा पैशांपेक्षा काम पूर्ण होणे मला महत्त्वाचे वाटले, हे ज्यांनी शेवटच्या तारखांची धावपळ पाहिली आहे त्यांना समजेल.

सत्य बाहेर आले ते माझ्या भाच्यामुळे. तो पॉलिटेक्निकला शिकतो. संगणक एवढा मंद का झाला हे पाहताना तो म्हणाला, "मामा, तुमचा आय-५ आहे ना? यात कोअर चारच दिसतायत." आम्ही कुलर काढला. कुलर बोर्डावर घट्ट धरणाऱ्या चारपैकी एका पुश-पिनचे प्लॅस्टिकचे टोक तुटलेले होते, त्यामुळे कुलरचा एक कोपरा प्रोसेसरवर टेकतच नव्हता. पंख्याच्या वायरला २०१९ मध्ये मी स्वतः बांधलेला पिवळा टाय तसाच होता; म्हणजे १,४५० रुपयांचे 'नवे कूलिंग किट' हा माझाच धुऊन परत बसवलेला कुलर होता. मग भाच्याने कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून प्रोसेसरवरची राखाडी पेस्ट हळूहळू पुसली. आधी नुसता डाग पसरला, मग धातूवर कोरलेली बारीक अक्षरे वर आली. तिथे आय-३ ९१०० असे लिहिले होते, म्हणजे चार कोअरचा, खालच्या दर्जाचा प्रोसेसर. दोन्ही प्रोसेसर एकाच पिढीचे आणि एकाच सॉकेटमध्ये बसणारे, त्यामुळे संगणक विनातक्रार चालू होत होता. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि समोरच्या धातूवरचा क्रमांक यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता.

८५० रुपयांचा नवा कुलर आणि २५० रुपयांची पेस्ट, एवढ्यावर अर्ध्या तासाच्या जड कामानंतरचे तापमान ६८ अंशांवर आले. मूळ दुखणे एका तुटक्या पिनेचे होते आणि औषध १,१०० रुपयांचे होते. प्रोसेसर तापला की आधी पंखा फिरतो का, जाळीत धूळ अडकली आहे का, चारही पिना पक्क्या बसल्या आहेत का आणि पेस्ट वाळली आहे का, हे पाहायचे. 'प्रोसेसर गेला' हे वाक्य त्यानंतरही सहज मान्य करायचे नाही.

आता पोलिसांविषयी. चौकीवर मी खोके, बिल, दोन्ही यूपीआय व्यवहारांची नोंद आणि छायाचित्रे घेऊन गेलो. हवालदारांनी अर्ज वाचून विचारले, "सीपीयू तर तुमच्याकडे परत आला ना? मग चोरी कशाची?" आपल्याकडे संपूर्ण डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे आतला बिस्किटाएवढा तुकडा बदलला गेला हे समजावण्यात माझा पाऊण तास गेला. नंतर त्यांनी सांगितले की पैसे ऑनलाइन गेले असल्याने सायबरकडे जा. सायबर कक्षात सांगण्यात आले की वस्तू तुम्ही हाताने दिली आणि पैसे स्वखुशीने पाठवले, हा सायबर गुन्हा नाही, चौकीवर जा. पुन्हा चौकीवर गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले की हा दिवाणी वाद आहे, ग्राहक न्यायालयात जा. चार फेऱ्या आणि अडीच दिवस गेले, आणि साध्या अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारायलाही कोणी तयार झाले नाही. विश्वासाने सोपवलेली वस्तू बदलून कमी किमतीची परत करणे हा दिवाणी वाद कसा होतो, याचे उत्तर मला कोणीही दिले नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ विश्वासघाताचे आहे आणि ३१८ फसवणुकीचे आहे. ही कलमे अर्जात लिहून नेली म्हणून मला उलट ऐकवण्यात आले की वकिली करू नका. एका सामान्य माणसाने ८,००० रुपयांसाठी एवढा त्रास घेऊ नये, अशीच त्या सगळ्यांची अपेक्षा होती, आणि तो दुरुस्तीवाला याच अपेक्षेच्या जोरावर घरोघर फिरत आहे. जाहिरात छापणाऱ्या कंपनीने तर आम्ही फक्त माहिती पुरवतो, एवढेच सांगून फोन ठेवला.

चौकी अर्ज घेत नसेल तर तो स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, हे मला दुसऱ्यांकडून कळले. तुम्ही पहिल्याच दिवशी पाठवा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते आणि बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. कॅबिनेट घराबाहेर पाठवण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या नावाचे आणि रॅमचे छायाचित्र घ्या, त्याच्या प्रतीवर नेणाऱ्याची सही घ्या आणि हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. मी पासवर्डसह दिली होती. त्यात सदतीस क्लायंटची कागदपत्रे होती आणि त्या प्रत्येकाला फोन करून पासवर्ड बदलायला सांगताना मला जे ऐकावे लागले, ते मी इथे लिहू शकत नाही.

अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाला आज सहा आठवडे झाले. ग्राहक आयोगासाठीची तक्रार मी स्वतः लिहून काढली आहे, आणि तिला जोडण्यासाठी तो आय-३ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, खोक्यासह कपाटात ठेवला आहे.