भूजल सर्वेक्षणासाठी क्यूजीआयएस : वापरानंतरचा अभिप्राय

विहिरींच्या सर्वेक्षणाचे नकाशे मी गेली काही वर्षे क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणक प्रणालीवर करतो आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते आणि आमच्यासारख्या लहान कार्यालयाचा परवान्यावरचा खर्च तिने पूर्णपणे वाचवला आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांवरची नकाशे तयार करण्याच्या पूर्वपरवानगीची अट काढली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावरून १:५०,००० प्रमाणातील भूवैज्ञानिक नकाशेही उतरवून घेता येतात. त्यामुळे आता अडते ते साधनांवाचून नव्हे, ती नीट वापरण्याच्या सवयीवाचून.

पहिली सवय प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कोणत्या पद्धतीने उतरवली आहे ते तपासण्याची. पृथ्वीची उभ्या पट्ट्यांत विभागणी करणाऱ्या यूटीएम या प्रक्षेपण पद्धतीचा पट्टा ७८ अंश पूर्व रेखांशावर बदलतो. अमरावती शहर ४३ व्या पट्ट्यात, तर यवतमाळ ४४ व्या पट्ट्यात येते. जुन्या टोपोशीटांचा, म्हणजे छापील स्थलदर्शक नकाशांचा, पाया एव्हरेस्ट गोलाभ हे पृथ्वीच्या आकाराचे गणिती प्रारूप, तर जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ हे वेगळे प्रारूप. हा फरक प्रणालीला न सांगता नकाशांचे थर एकावर एक ठेवले, तर प्रणाली तक्रार करत नाही. विहीर मात्र शेजाऱ्याच्या शेतात दिसते.

मराठीत काम करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नकाशावरची गावांची नावे देवनागरीत, जोडाक्षरांसह स्वच्छ उमटतात. शेपफाइल या नकाशाची माहिती साठवण्याच्या फाइल-प्रकारात मात्र रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. साहजिकच ‘विहीर’ एवढा शब्दही तिथे मावत नाही. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात ही अडचण नाही, म्हणून नवे काम त्यातच साठवावे.

माझा खरा आक्षेप समपातळी रेषांच्या, म्हणजे सारख्या पाणीपातळीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या, सोयीबद्दल आहे, आणि तो प्रणालीपेक्षा तिच्या वापराबद्दल अधिक आहे. मोजक्या विहिरींतील पाणीपातळी दिली, की इंटरपोलेशनने, म्हणजे मधल्या जागांच्या पातळीचा गणिताने अंदाज बांधून, क्षणात सुबक, सलग नकाशा तयार होतो. दख्खनच्या बसाल्टात पाणी सलग नसते. ते मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या संधीत असते. धुळे-नंदुरबार भागात तर डाइकांच्या, म्हणजे भेगांत शिलारस थिजून बनलेल्या खडकांच्या, भिंती उभ्या आहेत आणि एखाद्या डाइकच्या दोन बाजूंच्या विहिरींची पातळी वेगळी असू शकते. साधे इंटरपोलेशन ती भिंत ओलांडून रेषा काढते. म्हणून मी डाइक आधी स्वतंत्र थरात आखतो, दोन्ही बाजूंच्या विहिरींचे गणित वेगवेगळे करतो आणि जिथे विहिरीच नाहीत तो भाग नकाशात कोराच ठेवतो. बोअरची जागा विचारायला आलेल्या शेतकऱ्याला तो कोरा भाग मी बोट ठेवून दाखवतो.