मोटरहोममध्ये सायकली आत ठेवून नेल्या, कसं जमलं ते

आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो. मे महिन्यात सांगलीहून सासरे आले होते म्हणून मोझेल नदीकाठी आठवडाभर फिरायचं ठरलं. ट्रिअरपासून कोब्लेन्झपर्यंत काठाकाठाने सायकलचा रस्ता आहे, साधारण 200 किमी आणि जवळपास सपाट, म्हणजे 10 वर्षांचं पोरगंही कुरकुर न करता चालवेल. रोज हॉटेल बदलायचा कंटाळा, म्हणून 7 मीटरची मोटरहोम भाड्याने घेतली. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण तसाही हा रिव्ह्यू गाडीचा कमी आणि तिच्या मागच्या गॅरेजचा जास्त आहे.

गॅरेज म्हणजे मागचा पलंग उंचावर असतो ना, त्याच्या खालची आख्खी आडवी जागा, दार बाहेरून. जर्मन लोक ह्याला हेकगाराज म्हणतात. दुसरा पर्याय म्हणजे मागे बाहेर लटकवायचं कॅरियर. नवरा कॅरियरवाला होता, मी गॅरेजवाली. माझं म्हणणं एवढंच की पाऊस आला की बाहेरच्या सायकलींवर मागच्या चाकांचा सगळा चिखल उडतो, रात्री कुणी कुलूप तोडलं तर सकाळीच कळणार, शिवाय गाडीची लांबी वाढते आणि फेरीबोटवाले लांबीवर पैसे घेतात. आणि पुढेमागे इटलीला न्यायची म्हटलं तर मागे लटकलेल्या सामानावर 50 बाय 50 सेंटीमीटरची लाल-पांढरी पाटी लावावी लागते, नाहीतर दंड. तर गॅरेज.

वेबसाईटवर लिहिलं होतं "चार सायकली मावतात". मावतात, पण कुठल्या सायकली ते नव्हतं लिहिलं! आमच्या तीन: नवऱ्याची 16 किलोची साधी, माझी 25 किलोची ई-बाईक आणि पोराची 24 इंची, 12 किलो. गॅरेजच्या दाराची उंची 1 मीटर 10, माझ्या ई-बाईकचं हँडल जमिनीपासून 1 मीटर 14. चार सेंटीमीटर! काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला सीट खाली करा, अरे बाबा सीट नाही अडत, हँडल अडतंय. शेवटी तिथेच पार्किंगमध्ये स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे, स्क्रू ढिले करून हँडल खाली फिरवलं तेव्हा कुठे ती आत गेली. तुम्ही घ्यायच्या आधी टेप नेऊन दार मोजा, आतली उंची नाही, दार. आतली उंची जास्त असते आणि ब्रोशरमध्ये तीच छापतात.

मग बांधायचं. जमिनीला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या, त्यात हुक सरकवून पट्टे ओढायचे, सिस्टीम खरंच छान आहे. पण पट्टे चार हवेत तिथे तीनच दिले आणि त्यातल्या एकाचं रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायचा खटका, गंजलेलं. आम्ही म्हटलं चालतंय की. नाही चालत. हायवेला लागलो, पहिल्याच जोरदार ब्रेकला मागून धडाम आवाज आला, पुढच्या पार्किंगला थांबून बघतो तर माझ्या सायकलचं पेडल पोराच्या चाकाच्या तारांमध्ये घुसलेलं. एक तार वाकली, नशीब तुटली नाही.

बाबा खाली उतरले, दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, जुनी ट्यूब नाही का एखादी?" होती, पंक्चर झालेली, नवऱ्याच्या बॅगेत. त्यांनी ती कात्रीने उभी कापून दोन लांब पट्ट्या केल्या आणि दूधवाले कॅन बांधतात तसा ताण देऊन हँडल टू हँडल बांधलं. मध्ये सतरंजीची घडी, जी मी पिकनिकसाठी आणली होती. शेवटच्या दिवसापर्यंत परत आवाज आला नाही. नायलॉनचा पट्टा एकदा सैल झाला की सैलच, ट्यूब मात्र हादऱ्याबरोबर ताणते आणि परत आवळते.

दुसरी गोष्ट, पेडल काढून टाका. 15 नंबरचा पाना लागतो आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसताना नवऱ्याने पहिल्या दिवशी अर्धा तास ते घट्टच केलं. सोपं लक्षात ठेवायचं तर पाना वरच्या बाजूला धरा आणि मागच्या चाकाकडे फिरवा, दोन्ही पेडल सुटतात. आणि गिअरची बाजू कधीही दुसऱ्या सायकलला टेकवू नका, मागच्या गिअरला धरणारा तो छोटा तुकडा वाकला की गिअर उड्या मारतात.

आता वजन, ज्याबद्दल कुणीच बोलत नाही. आपलं कारचं 'B' क्लासचं लायसन्स 3.5 टनापर्यंतच (आणि हो, इंडियन लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, नंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही नव्याने द्यावं लागतं, नवऱ्याला विचारा). आमच्या गाडीचं कागदावरचं वजन 3050 किलो होतं, त्यात ड्रायव्हर धरलेला. उरले 450. बाकी आम्ही तिघं 180, सायकली 53, मग टेबल-खुर्च्या, कपडे, कुकर, पाच किलो तांदूळ, डाळी, बाबांचं लोणचं. म्हणून पाण्याची 100 लिटरची टाकी भरून न घेता 20 लिटरच घेतलं, पाणी मुक्कामाच्या जागी मिळतंच. शिवाय गॅरेज मागच्या चाकांच्याही मागे असतं, त्यामुळे तिथलं वजन तराजूसारखं पुढचा भाग उचलतं. चाकांमधलं अंतर 4 मीटर आणि सामान मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे धरलं तर 80 किलोला पुढची चाकं 30 किलोने हलकी आणि मागच्या एक्सलवर 110. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ओल्या गवतावर हे जाणवतं. आम्हाला एका सकाळी जाणवलं, चाकं नुसती फिरत होती, मग टेबल-खुर्च्या काढून पुढे ठेवल्या तेव्हा निघाली.

बाकी मजा आली. नदीकाठी गाडी लावायची, सायकली बाहेर काढायला पाच मिनिटं, परत आत ठेवायला मात्र पंधरा. पाऊस पडला त्या दिवशी ओल्या सायकली तशाच आत गेल्या आणि रात्री पलंगाखालून चिखल आणि चेनच्या तेलाचा वास येत होता, दार बंद असूनही. जुनी चादर आणि फडकं ठेवाच. बाबांनी सायकल चालवली नाही, ते खुर्ची टाकून बोटी मोजत बसायचे. बुलाय गावाजवळ वर रेल्वे आणि खाली रस्ता असा दुमजली पूल आहे, मूळ 1878 साली बांधलेला, तिथे मात्र ते चालत आले आणि तासभर हलले नाहीत.

गाडी परत देताना काउंटरवरच्या त्या मुलाने गॅरेजमध्ये डोकावून ट्यूबच्या पट्ट्या बघितल्या आणि विचारलं हे काय. सफाईचे 30 युरो कापले, गंजलेल्या रॅचेटबद्दल सॉरीसुद्धा नाही. गॅरेजला साडेचार स्टार, कंपनीला अडीच. सप्टेंबरमध्ये बोडनझे तलावाला जायचंय, तेव्हा दुसरीकडून घेणार आणि टेप घेऊन जाणार.