कोसळलेल्या ब्राउझरमधून काय काय परत मिळाले : फायरफॉक्सचे परीक्षण

मे महिन्यातल्या एका दुपारी परभणीत वादळी वारे सुटले आणि वीज गेली. एरवी अशा वेळी माझा संगणक इन्व्हर्टरवर चालू राहतो. त्या दिवशी बॅटरीतच जीव उरला नव्हता, त्यामुळे पडदा क्षणात काळा झाला. मराठवाड्यातील बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या, नोंदी जमवण्याचे काम मी काही वर्षांपासून करतो आहे. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव, जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची बारव अशा ठिकाणांविषयीचे लेख, नकाशे आणि छायाचित्रे मिळून चाळीसहून अधिक पाने तेव्हा फायरफॉक्समध्ये उघडी होती, आणि त्यांतल्या निम्म्या पानांचे मी बुकमार्कही केलेले नव्हते. तासाभराने वीज आली, विंडोज सुरू झाले. ब्राउझर मात्र उघडेना.

ओळखीच्या एका दुकानात विचारले, तर संगणक फॉरमॅट करावा लागेल असे उत्तर मिळाले. भाच्याचा सल्ला सौम्य होता : ‘मामा, फायरफॉक्स काढून पुन्हा टाका.’ मी दुसऱ्या ब्राउझरमधून नवी प्रत उतरवली आणि बसवली. ती उघडली खरी, पण एखाद्या नव्या संगणकावर उघडावी तशी कोरी. बुकमार्क नाहीत, पासवर्ड नाहीत, दुपारची पाने तर नाहीतच. वर्षांचे काम गेले असे समजून मी ती रात्र काढली. प्रत्यक्षात त्या क्षणी जवळजवळ काहीही गेलेले नव्हते, आणि ते का गेलेले नव्हते हे समजून घेतल्यावर या ब्राउझरविषयी माझा आदर वाढला.

फायरफॉक्स आपला प्रोग्राम आणि वापरणाऱ्याची माहिती या दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी ठेवतो. प्रोग्राम विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असतो, तर बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, उघडी पाने हे सारे ‘प्रोफाइल’ नावाच्या एका फोल्डरमध्ये असते, आणि ते फोल्डर वापरकर्त्याच्या ‘अॅपडेटा’ या एरवी नजरेआड राहणाऱ्या जागेत असते. वीज गेल्यामुळे माझा मोडला होता तो प्रोग्राम. 2019 मध्ये आलेल्या 67व्या आवृत्तीपासून प्रत्येक स्वतंत्र जागी बसवलेल्या फायरफॉक्सला स्वतःचे वेगळे प्रोफाइल मिळते. मी नवी प्रत जुन्या जागेऐवजी दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवली होती, म्हणून ती कोऱ्या प्रोफाइलनिशी उघडली आणि जुने प्रोफाइल होते तिथेच राहिले. ही रचना मला या ब्राउझरचा सर्वांत मोठा गुण वाटतो. घर पडले तरी तळघरातले धान्य शाबूत राहावे, तसे हे आहे.

दुसऱ्या दिवशी भाचा येऊन बसला आणि त्याने सर्वांत आधी जे केले, ते मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन : फायरफॉक्स पूर्ण बंद केला, टास्क मॅनेजरमध्ये त्याची एकही प्रक्रिया चालू नाही याची खात्री केली आणि जुने प्रोफाइल फोल्डर जसेच्या तसे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. यात सुट्या फाइली निवडून चालत नाही, कारण ताज्या नोंदी काही वेळा मुख्य फाइलशेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये असतात आणि तीही सोबत लागते. घाईघाईने ब्राउझर पुन्हा पुन्हा उघडून पाहिला, तर उघड्या पानांच्या जुन्या नोंदींवर नव्या कोऱ्या सत्राच्या नोंदी चढत जातात. माझ्या बाबतीत जुने प्रोफाइल त्यानंतर उघडलेच गेले नव्हते, हे नशीब.

मग पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ टंकल्यावर संगणकावरील सर्व प्रोफाइलांची यादी समोर आली. जुन्या प्रोफाइलसमोरचे बटण दाबताच नवी खिडकी उघडली आणि आदल्या दुपारची चाळीसच्या वर पाने ओळीने परत आली. चारठाण्याच्या बारवेचा जो नकाशा शोधायला मला आठवडा लागला होता, तो त्याच टॅबमध्ये उभा होता. सत्र परत आणण्याची ही सोय फायरफॉक्समध्ये 2006 सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. ब्राउझर चालू असताना उघड्या पानांची नोंद मुळातल्या मांडणीनुसार दर 15 सेकंदांनी डिस्कवर लिहिली जाते आणि तिच्याआधीची एक प्रतही शेजारी राखली जाते, त्यामुळे लिहिता लिहिताच वीज गेली आणि नवी नोंद अर्धवट राहिली, तरी आधीच्या नोंदीवरून काम चालते. ब्राउझरने स्वतःहून पाने परत आणली नाहीत, तर ‘सेशनस्टोअर-बॅकअप्स’ या फोल्डरमधील योग्य प्रत ब्राउझर बंद असताना मूळ नावाने प्रोफाइलमध्ये ठेवता येते. मला तेवढे करावे लागले नाही.

बुकमार्कांची कथा थोडी वेगळी. बुकमार्क आणि इतिहास ‘प्लेसेस’ नावाच्या एकाच माहितीसाठ्यात असतात, आणि विजेच्या त्या झटक्यात नेमकी तीच फाइल खराब झाली होती. फायरफॉक्सने ती खराब असल्याचे ओळखले, नाव बदलून बाजूला ठेवली, नवी फाइल तयार केली आणि बुकमार्कांच्या शेवटच्या राखीव प्रतीवरून सगळे बुकमार्क स्वतःच भरले. अशा तारीखवार 15 प्रती तो जपून ठेवतो. क्रोमच्या प्रोफाइलमध्ये बुकमार्कांची अशी एकच राखीव फाइल असते, हे लक्षात घेतले म्हणजे या पंधराचे मोल कळते. महिन्याभरापूर्वी चुकून खोडलेला गट आज आठवला, तरी एखाद्या जुन्या प्रतीत तो सापडण्याची शक्यता राहते. मात्र जुनी प्रत परत आणली की सध्याचे बुकमार्क जाऊन त्यांच्या जागी ती बसते, म्हणून आधी सध्याच्या बुकमार्कांची प्रत काढून ठेवावी. त्या दिवशी सकाळी केलेले तीन बुकमार्क तेवढे गेले, आणि ती पाने उघडीच असल्याने ते मी पुन्हा केले.

इतिहासासाठी अशी रोजची राखीव प्रत नसते, म्हणून तो मात्र परत आला नाही, आणि या व्यवस्थेतली खरी उणीव मला हीच वाटते. बुकमार्क ही माणसाने मुद्दाम केलेली निवड असते हे मान्य, पण शोधकाम करणाऱ्याला ‘त्या दिवशी काय वाचले होते’ हे इतिहासच सांगतो. आठवड्यातून एक प्रत घेतली जाती, तरी पुरे होते.

पासवर्डांना धक्का लागला नव्हता. ते दोन फाइलींच्या जोडीत असतात, एकीत कुलूपबंद नोंदी आणि दुसरीत किल्ली. एकटी फाइल वाचवून उपयोग नाही. ‘रिफ्रेश’ नावाची जी सोय मदत विभागात आहे, ती बुकमार्क, इतिहास आणि पासवर्ड राखते, पण ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे एक्स्टेन्शन, काढून टाकते, म्हणून ती मी शेवटचा उपाय मानतो. तिचा एक चांगुलपणा असा, की जुन्या माहितीचे फोल्डर ती डेस्कटॉपवर ठेवून देते.

एवढ्यावर समाधान मानून मी थांबणार होतो, पण भाचा ऐकेना. बाजूला ठेवलेली खराब फाइल त्याने पेन ड्राइव्हवर नेली आणि एसक्यूलाइट या, फायरफॉक्सचा हा माहितीसाठा ज्या प्रकारात असतो त्याच्या, साधनात तिच्यावर ‘रिकव्हर’ ही आज्ञा चालवली. तीन दिवसांनी त्याने मला एक लांबलचक यादी पाठवली. मार्च आणि एप्रिलमधल्या बहुतेक नोंदी तिच्यात होत्या, मे महिन्याच्या मात्र तुरळक. वालूरवरचा जो जुना लेख मला पुन्हा सापडत नव्हता, त्याचा पत्ता त्या यादीत निघाला.