दुबई, हाँगकाँग की सिंगापूर? सेव्हन्सची एकच ट्रिप परवडणाऱ्या मुंबईकरासाठी

भाच्याचा फोन आला. मामा, पैसे साठलेत, पण एकच ट्रिप होईल, दुबई करू, सिंगापूर करू की डायरेक्ट हाँगकाँग? हा तोच भाचा ज्याला २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग बघायला मी जवळजवळ ओढत नेलं होतं, जाताना पूर्ण वेळ मोबाईलमध्ये डोकं आणि परत येताना आझाद नगरच्या जिन्यावर मलाच शिकवतोय की टॅकल झाल्यावर पडता पडता बॉल कसा सोडायचा. आता त्याला सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीच्या वर्ल्ड सिरीजचा लेग (शहराशहरांत फिरणाऱ्या स्पर्धेचा एक टप्पा) बघायचाय, स्टेडियममध्ये बसून. फोनवर अर्धा तास बोललो तरी त्याचं समाधान झालं नाही, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडलं तर बरंच.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. रग्बी म्हटलं की आपल्याकडे लोकांना विरार फास्टमध्ये चढण्याची रेटारेटी आठवते, तसं पंधरा जणांचं रग्बी असतं थोडंफार. सेव्हन्समध्ये मैदान तेवढंच मोठं पण टीममध्ये माणसं सात, हाफ सात मिनिटांचा, मध्ये दोन मिनिटं ब्रेक, की झाली मॅच. कबड्डीतही सातच असतात म्हणून मी तिच्यावरूनच समजावतो, कोपऱ्याच्या गड्याचा हात सुटला की रेडर निसटला, तसं इथे एक टॅकल चुकला की समोर पन्नास मीटर मोकळं रान. पास फक्त मागे द्यायचा. समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच, वर किक गोलच्या खांबांमधून गेली की कन्व्हर्जनचे दोन. येलो कार्डला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, ऐकायला काहीच नाही वाटत, पण चौदा मिनिटांच्या मॅचमध्ये दोन मिनिटांत दोन ट्राय आरामात पडतात. अंधेरीला तर चार-चार मिनिटांचे चार क्वार्टर होते, मी वडापाव आणायला गेलो आणि परत आलो तर स्कोअर ओळखूच येईना.

मॅच एवढीशी, त्यामुळे मॅचेस असतात भरपूर. पुरुषांची एक, बायकांची एक, त्याच मैदानावर, सकाळपासून रात्रीपर्यंत. म्हणजे तुम्ही मॅच बघायला जात नाही, दोन दिवस एका जागी राहायला जाता. हे डोक्यात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे, कारण लोक तिकडचा झगमगाट बघून ठरवतात आणि मी म्हणतो खुर्ची, छप्पर आणि परतीची गाडी बघून ठरवा.

आता कॅलेंडर, कारण गोंधळ इथेच होतो. २०२४-२५ च्या सीझनला सात लेग होते: दुबई, केपटाऊन, पर्थ, व्हँकुव्हर, हाँगकाँग, सिंगापूर आणि शेवटी लॉस एंजेलिस. बारा टीम. पुरुषांत अर्जेंटिनाने पर्थ, व्हँकुव्हर, हाँगकाँग असे ओळीने तीन मारले आणि पहिल्या सहा लेगच्या गुणांवरचं लीगचं टायटल घेतलं, पण लॉस एंजेलिसची चॅम्पियनशिप नेली साऊथ आफ्रिकेने, स्पेनला हरवून. बायकांमध्ये असं काही नाही, न्यूझीलंडने दोन्ही घेतलं, विषय संपला. मग २०२५-२६ ला त्यांनी सगळं हलवलं. वरच्या डिव्हिजनला आठच टीम ठेवल्या, सिंगापूर एप्रिलमधून उचलून जानेवारीच्या शेवटी टाकलं, लॉस एंजेलिसऐवजी न्यूयॉर्क आलं, आणि हाँगकाँगला सिरीजमधून काढून वर्ल्ड चॅम्पियनशिपचा पहिला टप्पा केलं, पुढे स्पेनमधलं वायादोलीद आणि फ्रान्समधलं बोर्दो, तिथे मात्र टीम बारा.

आठ आणि बारा हा फरक बघणाऱ्याला कळतो बरं का. चार-चारचे तीन गट असले की नुसत्या गटातल्याच अठरा मॅच पुरुषांच्या आणि अठरा बायकांच्या, दोन गट असले की बारा-बारा. दर्जा वाढतो हे खरं, एकतर्फी मॅचेस कमी होतात, पण मला स्वतःला ते छोटे देश बघायला मजा येते, दुपारी दोन वाजता कुणीतरी अनपेक्षित धुमाकूळ घालतो आणि अख्खं स्टेडियम त्यांच्या बाजूने ओरडायला लागतं. हाँगकाँगच्या बाजूने हा एक मोठा मुद्दा.

दुबईपासून सुरू करू, सगळ्यात जवळचं. तीन तासांची फ्लाईट, घड्याळ दीडच तास मागे. १९७० पासून चालू आहे, सुरुवातीला म्हणे वाळूच्या मैदानावर खेळायचे, आता अल ऐन रोडवर द सेव्हन्स नावाचंच स्टेडियम आहे. सीझनचा पहिला लेग असतो, नोव्हेंबरचा शेवट नाहीतर डिसेंबरची सुरुवात, टीम अजून सुस्तावलेल्या, नवे चेहरे, त्यामुळे उलटसुलट निकाल लागतात, २०२४ ला स्पेन फायनलला गेलं होतं, हरलं फिजीकडून पण गेलं होतं. हवा मस्त, संध्याकाळी पातळ जॅकेट घ्यावं लागतं.

पण खरं सांगू का, दुबई ही जत्रा आहे. मुख्य मैदानाच्या बाजूला आणखी मैदानं, तिथे क्लबच्या टीम, शाळेची पोरं, पोट सुटलेले चाळिशीपारचे हौशी, नेटबॉल, गाणी, खाणं. मी कॉलेजच्या मित्रांबरोबर गेलो होतो आणि तीन दिवसांत मोजून किती आंतरराष्ट्रीय मॅच पूर्ण बघितल्या विचाराल तर उत्तर द्यायला लाज वाटते. फिरण्यातच वेळ जातो. मेट्रो दारापर्यंत नाही, टॅक्सी नाहीतर बस, रात्री परतताना सगळे एकदम निघतात, तेवढा वेळ धरून चला. आणि त्याच आसपास त्यांच्या नॅशनल डेची सुट्टी येते त्यामुळे विमान आणि हॉटेल दोन्ही चढलेलं असतं. स्वस्त वाटणारी ट्रिप तिथे महाग होते. एकच तोडगा, आणि तो प्रत्येक मुंबईकराकडे असतो: दुबईत राहणारा कोणीतरी चुलत, मावस, शेजारचा. सोफ्यावर झोपायची सोय असेल तर दुबईला तोड नाही, नसेल तर पुढे वाचा.

हाँगकाँग. याच्याबद्दल सेव्हन्सवाले लोक असे बोलतात जसे आपल्याकडचे जुने लोक ब्रेबॉर्नबद्दल बोलतात. १९७६ ला सुरू झालं, तेव्हा सिरीज वगैरे काही नव्हतं. फिजीने सगळ्यात जास्त वेळा जिंकलंय, आणि ज्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद-दोन वॉर्डांत मावेल त्या देशाची पांढरी जर्सी बोगद्यातून बाहेर आली की जो आवाज होतो तो मी दुसऱ्या कुठल्या खेळात ऐकलेला नाही, क्रिकेट धरून.

२०२५ पासून ते काई टाकच्या नव्या स्टेडियमला गेलंय, पन्नास हजार माणसांचं, छप्पर बंद होतं. काई टाक म्हणजे १९९८ पर्यंत तिथला विमानतळ. कुर्ला-जरीमरीच्या पत्र्यांवरून आपल्याकडे विमानं जातात ना, तशी तिथे इमारतींच्या गच्च्यांना खेटून जायची. आता तिथे माणसं केळ्याच्या वेशात येतात. थट्टा नाही करत, साऊथ स्टँड म्हणून एक भाग आहे, तिथे लोक चित्रविचित्र कपडे घालून दिवसभर बिअर आणि गाणी, आणि अठरा वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. मी २०२५ ला गेलो होतो, अर्जेंटिना-फ्रान्सची फायनल १२-७, श्वास रोखून बघितली, पण खालच्या मजल्यावरच्या लोकांना तोपर्यंत कोण खेळतंय हे तरी ठाऊक होतं का याची शंकाच आहे.

तीन दिवस असतं, शुक्रवारपासून. म्हणजे एक सुट्टी जास्त, एक दिवसाचं हॉटेल जास्त, आणि हाँगकाँगच्या हॉटेलच्या खोल्या आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षा लहान आणि भाडं असं की जेवण जात नाही. शाकाहारी माणसाने चिम शा चुईच्या चुंगकिंग मॅन्शन्सचा पत्ता पाठ करून ठेवावा. व्हिसाच्या बाबतीत मात्र बरं आहे, भारतीय पासपोर्टला चौदा दिवसांपर्यंत ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन चालतं आणि ते फुकट आहे.

सिंगापूरला लोक नाकं मुरडतात. वातावरण नाही म्हणे, सगळं कसं शिस्तीत. अरे पण मी गेलो तेव्हा बायको आणि मुलगा बरोबर होते, मुलगा नऊ वर्षांचा, आणि पहिल्यांदा मला सलग मॅचेस बघायला मिळाल्या, कारण कोणाला शोधायला जावं लागलं नाही, कोणाच्या अंगावर बिअर सांडली नाही आणि ऊन-पाऊस दोन्ही छपराच्या वर. नॅशनल स्टेडियम पंचावन्न हजारांचं आहे, सेव्हन्सला वरचा भाग भरेलच असं नाही, पण त्यामुळेच तर जागा बदलून बघता येतं, एक हाफ ट्राय लाईनच्या मागून, एक बाजूने. मागून बघाच एकदा, पोकळी कुठे तयार होतेय ते खेळाडूच्या आधी तुम्हाला दिसतं, टीव्हीवर हे कधीच कळत नाही. ऑस्ट्रेलियाची मॅडिसन लेव्ही कडेने सुटते तेव्हा तर समोरचीला पोचता येणार नाही हे दोन सेकंद आधीच कळलेलं असतं.

स्टेशनचं नावच स्टेडियम आहे, एमआरटीतून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून उतरलं की समोर. आणि गंमत म्हणजे इथेही शेजारी जुना विमानतळच, कलांगचा, जवळच्या हॉकर सेंटरचं, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीचं नाव ओल्ड एअरपोर्ट रोड. पोट भरायला तिथे जायचं, स्टेडियममध्ये नाही. वरण-भाताची आठवण आली तर सेरंगून रोडला जा, मटुंग्याला आल्यासारखं वाटतं.

निकालांचं म्हणाल तर सिंगापूर केनियाला मानवतं. २०१६ ला सिरीजचा लेग दहा वर्षांनी तिथे परत आला आणि केनियाने फायनलला फिजीला तुडवलं, ३०-७. २०२५ ला परत तेच दोघे फायनलला, यावेळी फिजीने हिशोब चुकता केला.

केपटाऊन आणि पर्थचं एका ओळीत उरकतो, केपटाऊन सुंदर आहे पण विमान बदलत जावं लागतं आणि तेवढा खर्च करून गेलात तर दोन दिवस स्टेडियममध्ये बसणं पाप आहे, पर्थला नातेवाईक असतील तर जा. व्हँकुव्हर-न्यूयॉर्कचा व्हिसा काढेपर्यंत सीझन संपेल.

मग भाच्या, तुझ्यासाठी: पहिल्यांदा जातोयस, एकटा जातोयस, खेळ बघायचाय, सिंगापूर कर. पुढच्या वेळी चार मित्र जमव आणि हाँगकाँगला जा, तेव्हा तुला कळेल कोणत्या गोंगाटाकडे दुर्लक्ष करायचं. तो म्हणतो आयुष्यात एकदाच जायचं तर मोठ्यातच जावं ना. मी म्हणतो एकदाच जायचं असं ठरवलंय कोणी? हां, पन्नाशीला पोचलेला कोणी एकदाच जाणार असेल तर त्याला मीही हाँगकाँगच सांगेन, साऊथ स्टँड सोडून.

एक मात्र कर, त्या वर्षीच्या तारखा जाहीर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नकोस. आमच्या एका मित्राने सिंगापूर एप्रिलमध्येच असणार म्हणून आधीच स्वस्तात तिकीट काढलं, लेग गेला जानेवारीच्या शेवटी, हा एप्रिलमध्ये एकटाच जाऊन स्टेडियमच्या गेटचा फोटो काढून आला. आणि व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघायच्या महिनाभर आधी परत बघ. पासपोर्टवर सहा महिने शिल्लक आहेत का तेही आजच बघ, ताईला विचार, तिच्याच कपाटात असेल.