कोरियन बार्बेक्यू, पुणे: आखाड ते माघ खाऊन झाल्यावर (आणि त्या पानांच्या बिलाबद्दल)

मांस चांगलं, भाजणारी पोरं तयार, बसायची सोय उत्तम. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बहुतेक लेट्यूसच्या पानांवरच बोलणार आहे.

बिल समोर ठेवून लिहितोय. त्यात एक ओळ आहे: 'एक्स्ट्रा लेट्यूस, १, १८०.००'. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, झाले १९८. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे २०७ रुपये ९० पैसे. ताटलीत पानं होती दहा. एक पान पडलं वीस रुपये एकोणऐंशी पैशांना. मी संभाजीनगरला जाधववाडीच्या मोंढ्यात पालेभाजीची आडत करतो. मंदीत मेथीच्या जुडीमागे शेतकऱ्याच्या हातात पाच रुपये टेकत नाहीत, ते मी रोज पहाटे बघतो. त्यामुळे हा हिशोब माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. सौ. म्हणतात, एवढं जेवलात ते नाही आठवत, पानं तेवढी आठवतात. आठवतात, काय करू.

हॉटेलचं नाव देत नाही. भांडण मिटलंय, आणि जायचं आहेच पुन्हा.

पुण्यात असली हॉटेलं का चालतात ते त्या भागात फिरणाऱ्याला सांगायला नको. सगळीकडे कोरियन कंपन्या: रांजणगावला एलजी, तळेगावला जनरल मोटर्सचा जुना कारखाना ह्युंदाईने घेतला, आणि चाकणच्या पट्ट्यात त्यांना माल देणारे. आमच्या शेंद्र्यात ऑरिकच्या औद्योगिक वसाहतीतही ह्योसंग आहे, पण माझा मुलगा चाकणला असल्यामुळे आमचं कोरियन जेवण पुण्यातच होतं. त्याच्या कोरियन साहेबाने त्याला नेलं, त्याने आम्हाला नेलं, तेव्हा आखाड चालू होता. श्रावण लागायच्या आत काय खायचं ते खाऊन घ्या, या हिशोबाने निघालेलो आम्ही, आणि मेन्यू बघून मी पोराकडे बघितलं. पोर्कच्या पट्ट्यांची दोनशे ग्रॅमची एक प्लेट हजाराच्या वर, आणि कमीत कमी दोन प्लेटा घ्यायच्याच. वर भाजायचं टेबलावर. सौ. हळूच म्हणाल्या, "अहो, एवढ्यात घरी तव्यावर भाजून सगळ्या गल्लीला वाढलं असतं."

हे त्या वेळी मला पटलं होतं. आता पटत नाही, आणि त्याचं कारण भाजणारा पोरगा.

मणिपूरकडचा, विशी-बावीशीचा. तवा तापला की नाही ते हात वर धरून बघितलं. मग बोटभर जाडीची पट्टी, सामग्योप्सल म्हणतात तिला, न कापता अख्खी आडवी टाकली आणि हातच लावला नाही. आपण असतो तर दहा वेळा उलटवली असती. खालची बाजू तांबूस झाली तेव्हा एकदा उलटली, दुसरी बाजू झाली तेव्हा कात्री घेतली. चिमट्याने पट्टी उचलून धरायची आणि करकर कापत जायचं, सुपारीएवढे तुकडे. मग प्रत्येक तुकडा कापलेल्या बाजूवर उभा केला, म्हणजे चारी अंगांनी भाजला जातो. तवा एका बाजूला उतरता होता. उतारावर त्याने किमची (तिखट लावून आंबवलेला कोबी) आणि लसणाच्या चकत्या पसरल्या होत्या. मांसाची चरबी वाहत खाली येते आणि किमची त्यात परतली जाते. नुसती किमची मला आंबट-तिखट, ठीक वाटली होती. चरबीत परतलेली ती किमची मात्र पोरांच्या ताटातून उचलून खाल्ली मी.

हुरड्याच्या आगटीशी बसल्यासारखं आहे हे सगळं. भाजणारा गडी कणसं फिरवतोय, गरम गरम हातावर येतंय, बाजूला शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. आगटीशी बसून कुणी 'गार करून नंतर खाऊ' म्हणत नाही, तसंच इथेही तव्यावरून तोंडात. फरक एवढाच की हुरड्याला चटणी दुसऱ्यांदा मागितली तर कुणी लिहून घेत नाही.

इथे पण बाकीचं काही लिहून घेत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. बांचान म्हणजे त्या छोट्या वाट्या: किमची, मुळ्याच्या फोडी, मोड आलेली मूग-सोयाबीन, पालक तिळाच्या तेलातला, माशाचे पातळ काप. संपलं की न मागता भरून आणतात. कोरियात हा रिवाजच आहे, बांचानचे वेगळे पैसे नसतात आणि परत भरून देतात. मग पानांनीच काय घोडं मारलंय?

ज्यांनी खाल्लंय त्यांना ठाऊक आहे, या जेवणात पान म्हणजे ताटाची शोभा नव्हे. तळहातावर लेट्यूस घ्यायचं, त्यावर मांसाचा तुकडा, साम्जांग (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट आणि तिखटाची पेस्ट मिळून केलेली चटणी), लसणाची चकती, मिरचीचा तुकडा, गुंडाळून एका घासात तोंडात. पोर्कची चरबी पानाशिवाय दहा तुकड्यांनंतर जड व्हायला लागते. आता हिशोब बघा. दोन प्लेटा सक्तीच्या, त्यांचे तुकडे होतात पंचवीस-तीस. सोबत पानं देतात आठ. म्हणजे तुम्ही पानं परत मागणार हे त्यांना तुम्ही बसायच्या आधीच माहीत आहे.

आखाडात त्यावरून मी कुरकुरलो, तर मुलाने साहेबाची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे पावसाळ्यात लेट्यूस एवढं महाग होतं की लोक चेष्टेने म्हणतात, आता पानात मांस नको, मांसात पान गुंडाळून खाऊ. हे ऐकून मी गप्प बसलो. पावसात पालेभाजीचं काय होतं ते मला कोण सांगणार? माल भिजून येतो, कॅरेट उघडलं की मधली पानं काळी, निम्मा माल उकिरड्यावर. त्यात लेट्यूस म्हणजे इंग्लिश भाजी, जरा ऊन लागलं की मान टाकते. जुलैत एकशे ऐंशी घेतले, तर घेऊ देत. मी त्या दिवशी पैसे देऊन टाकले आणि विषय संपला असं समजलो.

मधल्या काळातलं फारसं सांगण्यासारखं नाही. दसऱ्यानंतर गेलो तेव्हा आमच्या टेबलावरचा धूर ओढायचा पाइप नीट चालत नव्हता, सुनेच्या साडीचा वास दोन धुण्यांत गेला नाही. पुढच्या वेळी पाइप दुरुस्त होता आणि जॅकेट-पर्स ठेवायला मोठी झाकणाची पेटी दिली. गाल्बी, म्हणजे बरगडीचं मसाल्यात मुरवलेलं मांस, कोरियात बहुतेक गाईचं-बैलाचं असतं. आपल्याकडे २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी, म्हणून इथे म्हशीचं किंवा पोर्कचं घ्यावं लागतं. मला पोर्कचं जास्त आवडलं. एक लक्षात ठेवा: मुरवलेल्या मांसात साखर असते, ती जाळीवर करपते. साधं मांस आधी संपवा, मुरवलेलं शेवटी टाका, आणि जाळी काळी झाली की बदलून मागा. जाळीचे पैसे नाहीत.

माझे थोरले भाऊ माळकरी. त्यांनाही एकदा नेलं, मुलाच्या हट्टाने. त्यांच्यासाठी जाड देठाची अळिंबी आणि टोफू वेगळ्या जाळीवर भाजून दिले, कुरकुर न करता. पण किमची त्यांच्यापुढून मीच उचलली. ती दिसायला शाकाहारी, आत बहुतेक वेळा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. सूप-रश्शातही सुक्या माशाचं पाणी असू शकतं. घरातलं कुणी पाळणारं असेल तर बसतानाच विचारा, 'व्हेज आहे का' एवढंच नको, 'मासळी आहे का' असं विचारा.

आता थंडीतलं सांगतो. पौषात गेलो. थंडीत लेट्यूस कसं येतं? भरभरून. आवक एवढी की बीट, म्हणजे लिलाव, सुरू होताना भाव पुकारायला लाज वाटते. आणि मेन्यूवर काय? एकशे ऐंशी. पावसाळ्यात वाढवले ते समजलं, थंडीत उतरवायला काय झालं? आमच्याकडे भाव चढतो तसा पडतोही.

पानं आणणारा पोरगा मराठी होता. गाव विचारलं तर गंगाखेडचा निघाला. म्हटलं, अरे आपल्याकडचा तू, दे की चार पानं. तर वाकून हळू आवाजात म्हणाला, "काका, मी आत्ता देतो, पण सिस्टीममध्ये टाकल्याबिगर किचन काढतच नाही. माझ्या हातात काय बी नाही." त्याची अडचण कळली. मग मॅनेजरला बोलावलं.

मॅनेजर सभ्य माणूस. पानं विमानाने येतात, धुवून-निवडून निम्मी जातात, वगैरे सांगत राहिला. मी म्हटलं, पुण्याच्या आसपास शेडनेटमध्ये लेट्यूस पिकतं, ते विमानाने कशाला आणता? त्यावर त्याने पाणी मागवलं. मग मी सर्व्हिस चार्जवर आलो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हॉटेलांनी तो आपोआप बिलात लावायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. हे मुलाने मोबाइलवर काढून ठेवलं होतं, मी वाचून दाखवलं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही सांगितला. सगळ्या बिलावरचा सर्व्हिस चार्ज दोन मिनिटांत निघाला, नवं बिल आलं. म्हणजे काढता येतो, फक्त मागावा लागतो. त्यातले काही पैसे भाजणाऱ्या आणि पानं आणणाऱ्या अशा दोन पोरांच्या हातात ठेवले, कारण सर्व्हिस त्यांनी केली होती.

पानांचे १८० मात्र नव्या बिलातही होते. त्यावर मॅनेजर हलला नाही. मी त्याला म्हटलं, तुमच्या खरेदीवाल्याचा नंबर द्या, थंडीत कॅरेटने पाठवतो, गाडीभाडं धरूनही तुम्हाला परवडेल. त्याने माझं कार्ड घेतलं. अजून फोन नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात कामाने पुण्याला जाणं झालं आणि दुपारी फक्त मुलाला घेऊन जेवलो. तर कामाच्या दिवशी दुपारी आता सेट आहे: एका माणसाला एक प्लेट मांस, भात, दोयेन्जांगचं (त्याच आंबवलेल्या सोयाबीन पेस्टचं) सूप, बांचान, आणि पानं दोनदा. दोन प्लेटांची सक्ती नाही. संध्याकाळच्या निम्म्याहून थोडं जास्त पैसे लागले, पोट तेवढंच भरलं. म्हणून वरचं थोडं बदलतो, खोडत मात्र नाही. दुपारी जा, पैसे वसूल आहेत. शनिवारी संध्याकाळी गेलात तर पाऊण तास बाहेर उभं राहा आणि पानाचे पैसे भरा. माझ्या पुरतं पाचपैकी साडेतीन. संध्याकाळीही पानं फुकट केली तर चार, त्याहून जास्त नाही, कारण थंड नूडल्स मला जमल्या नाहीत. बर्फ घातलेला रस्सा, त्यात मोहरी आणि व्हिनेगर. मुलगा म्हणतो मांसानंतर हेच हवं. त्याला हवं असेल.

आणि किमची पार्सल घेणार असाल तर एक. ती आंबत राहते, डब्यात गॅस धरते. मी काठोकाठ भरलेला डबा घट्ट बंद करून डिकीत टाकला, वाघोलीत तासभर अडकलो, नगरला चहा घेतला, आणि नेवासा फाट्याला डिकी उघडली तर लाल पाणी स्टेपनीपर्यंत गेलेलं. डबा पाऊण भरलेला मागा, दोन पिशव्यांत घाला, आणि पुढे पायाशी ठेवा. मध्ये एकदा झाकण सैल करायचं.